आत कुणाला घ्यायचं?

“आत्या, ह्यांनी दारच उघडायला नको होतं बघ,” भाचा म्हणाला आणि परत भडंगाच्या वाटीत हात घातला. बारावीची परीक्षा संपलेली, बाहेर रणरणतं ऊन, खोलीत कूलरची घरघर आणि लॅपटॉपवर ‘द वॉकिंग डेड’, मेलेली माणसं उठून जिवंतांवर धावून येतात ती अमेरिकन मालिका. चौथा सीझन चालू होता. वाचलेली माणसं आसऱ्याला राहिली होती त्या तुरुंगात तापाची साथ आली होती. माणसं कोठड्यांत खोकून खोकून बेजार होत होती, डोळ्यांतून रक्त येऊन मरत होती आणि मेली की उठत होती. म्हातारा हर्शेल काढ्याचं भांडं घेऊन एकेका कोठडीत जात होता. तिसऱ्या सीझनच्या शेवटी त्यांच्या म्होरक्याने, रिकने, वुडबरी नावाच्या दुसऱ्या वस्तीतली म्हातारी माणसं, बायका, पोरं बसमध्ये घालून या तुरुंगात आणलेली. ती आणली नसती तर एवढी गर्दी झाली नसती आणि गर्दी नसती तर एवढी माणसं गेली नसती, असं भाच्याचं म्हणणं. त्यात खोट काढता येत नव्हती. तो रागाने बोलला नाही, तुसडेपणाने तर नाहीच. सरळ हिशेब सांगितला आणि पुढे बघायला लागला. मी उठून चहा टाकला, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर तोही होता.

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की आधी ‘आयर्विनला किती झालं’ हे विचारतात, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ ला पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं आणि आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागून थांबलं होतं. २०१९ ला दादा, म्हणजे भाच्याचा बाप, त्या तिसऱ्या पायरीच्या भरवशावर राहिला. शेजारपाजारची बहुतेक घरं तशीच आपापल्या २००५ च्या खुणेवर भरवसा ठेवून राहिली. कोयनेतून विसर्ग वाढला, वारणा फुगली आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिसरी पायरी कधी गेली ते कळलंही नाही. रात्री वीज नव्हती, मोबाईल बंद पडत चालले होते. अंधारात भिंतीला लागून पाण्याचा चुबुकचुबुक आवाज यायचा, मधेच कुणाचं तरी पिंप किंवा पाट दारावर आपटायचा. डिझेल, गटार आणि भिजलेलं धान्य यांचा मिळून एक वास सुटला होता. तो नाकातून जायला पुढे कितीतरी दिवस लागले.

मागच्या बोळातली पत्र्याच्या घरातली माणसं त्या रात्री दोर धरून आमच्या जिन्यापर्यंत आली. ती ओळखीची होती, त्यांना वर घेण्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्यामागून एक माणूस आला. चाळिशीचा असेल. अंगात बनियन आणि अर्धी चड्डी, डोक्यावर धरलेला एक प्लास्टिकचा डबा. तो कोण, कुठला, बोळातल्याही कुणाला सांगता येईना. “वर येऊ काय?” एवढंच म्हणाला. गच्चीच्या लोखंडी दाराची कडी दादाच्या हातात होती. आमच्याकडे प्यायचं पाणी दोन कळश्या आणि एक कॅन, तांदूळ होता पण गॅस संपत आलेला. वहिनीने दादाकडे बघितलं. त्या बघण्यात काय नव्हतं! तिच्या मांडीवर भाचा झोपला होता. दादाने क्षणभर कडी तशीच धरून ठेवली आणि मग दार उघडलं.

तो माणूस होता तेवढे दिवस टाकीच्या आडोशाला बसून होता. पाणी वाटायला घेतलं की फुलपात्र पुढे करायचा आणि अर्धं झालं की हात आडवा धरायचा. होडी आली तेव्हा आधी म्हातारी माणसं गेली, मग बायका-पोरं. तो शेवटच्या फेरीला गेला. नाव सांगून गेला नाही, की पुन्हा कधी भेटला नाही. पाणी उतरल्यावर दादाच्या लक्षात आलं, जाताना तो दादाच्या रबरी चपला घालून गेला होता. वहिनी त्यावर बोलली, आणि तिचं बोलणं बरोबर होतं; ज्या घरचं अन्न खाल्लं तिथून न विचारता काही नेऊ नये. दादा म्हणाला, “अनवाणी कसा जाईल? चिखलात सगळीकडं काचा हायत.” पुढे एवढं काम पडलं होतं की विषय तिथेच राहिला. रस्त्याच्या दोन्ही कडेला भिजलेल्या गाद्यांचे ढीग, उलटे पडलेले फ्रिज, फुगून दारात अडकलेली कपाटं. घोट्याएवढा गाळ खराट्याने ओढून काढायचा आणि तो वाळायच्या आत बाहेर टाकायचा.

भाच्याला त्यातलं हेलिकॉप्टर तेवढं आठवतं.

मी ही मालिका पुरानंतर बघायला घेतली. तोवर ती बरीच जुनी झाली होती. पहिला भाग २०१० च्या ऑक्टोबरचा, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये संपली तेव्हा अकरा सीझन आणि १७७ भाग झाले होते. मढी उठून चालतात हे कळायला एक भाग पुरतो. त्यानंतर मी त्यांच्याकडे फारसं बघितलंच नाही. मला बघायचं असायचं ते दुसरंच. पाणी कुठून आणतात, चुलीपाशी कोण बसतं, पहाऱ्याला कोण जातं, आजाऱ्याला कुठे निजवतात. पाचव्या सीझनमध्ये ही सगळी चिखलामातीने माखलेली माणसं अलेक्झांड्रिया नावाच्या वस्तीत पोचतात. पोलादी पत्र्यांची भिंत, छपरावर सोलर, नळाला गरम पाणी. रिक आरशासमोर उभा राहून ती जंगली दाढी उतरवतो तो प्रसंग मी थांबवून परत बघितला. पूर उतरल्यावर विश्रामबागेत मावसबहिणीकडे मी पहिली अंघोळ केली होती, तेव्हा साबणाचा फेस पायाशी काळा होऊन वाहताना बघून मला रडू फुटलं होतं. विश्रामबाग उंचावर, तिथे पाणी आलंच नव्हतं. बाहेर दुकानं उघडी, पोरं सायकलवर फिरत होती. त्या माणसांचं काही चुकलं नव्हतं, तरी मला त्यांचा राग येत होता. अलेक्झांड्रियाच्या त्या स्वच्छ अंगणात उभ्या असलेल्या रिकच्या चेहऱ्यावर मला तो राग दिसला. करवतीसारखा आत जातो तो, आणि आपलं भलं करणाऱ्यावरच निघतो.

तिथली प्रमुख डिॲना, पूर्वी संसदेत निवडून आलेली बाई. ती नव्या माणसाला आत घेण्याआधी कॅमेऱ्यासमोर बसवते आणि बोलतं करते. त्याआधी तुरुंगात असताना रिकच्या लोकांनी तीन प्रश्न ठरवले होते. किती वॉकर, म्हणजे उठलेली मढी, मारले? किती माणसं मारली? का मारली? तिसरा प्रश्न ठेवला यात या माणसांचं मोठेपण आहे. जग बुडाल्यावर ज्याच्या हाताला रक्त लागलं नाही असा माणूस सापडणं मुश्कील. मग हातांकडे बघून भागत नाही, त्या माणसाला त्याचं काय वाटतं ते ऐकावं लागतं. आणि ऐकूनही फसायला होतं. टर्मिनस नावाच्या वस्तीतल्या लोकांनी रेल्वेमार्गावर जागोजागी पाट्या लावल्या होत्या, या, इथे आसरा आहे. आणि त्या पाट्या खऱ्या होत्या! मनापासून लावलेल्या. त्या वाचून जी टोळी आली तिने त्यांना रेल्वेच्या डब्यांत कोंडलं, बायकांवर अत्याचार केले, माणसं मारली. पुढे टर्मिनसवाले सुटले, जागा परत मिळवली, पाट्या तशाच ठेवल्या आणि येणाऱ्याला कापून खायला लागले. भाच्याच्या हिशेबाला सगळ्यात बळ देणारी गोष्ट हीच आहे, आणि मला तिला अजून धड उत्तर देता येत नाही.

पुरानंतर मदतीचे टेम्पो आले. त्यातला एक आटपाडीकडचा होता. कापडात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, आणि टेम्पोत बसून आलेली एक म्हातारी. आमच्याकडे पाणी कमरेच्या वर गेलेलं असताना तिच्याकडे प्यायला टँकर येत होता. जिल्हा एकच. “तुमच्याकडं लई झालं आन् आमच्याकडं थेंब न्हाई,” म्हणाली आणि माझ्या ओंजळीत भाकरी ठेवल्या. त्या भाकरीचा कडक पापुद्रा मोडताना मला माझी आटपाडीतली शाळा आठवली. वडिलांची बदली तिकडे होती. माझ्या वर्गात एक मुलगी होती, ती स्वतंत्रपूरहून यायची.

स्वतंत्रपूरची गोष्ट सांगण्याआधी नांगराची सांगते. नवव्या सीझनच्या सुरुवातीला सगळ्या वस्त्या मिळून वॉशिंग्टनच्या पडक्या संग्रहालयातून जुना नांगर, घोडागाडी आणि बी-बियाणं काढून आणतात. पेट्रोल संपत आलंय, आता मागे जाऊन शिकायचं. नांगर काचेच्या फरशीवरून ओढत नेताना फरशी तडकते आणि खाली मढी उभी असतात. त्यावेळी मला किर्लोस्करवाडी आठवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडाने जमिनीत विष पसरेल. १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा ओसाड माळ दिला. निवडुंग आणि नाग यांच्याशिवाय तिथे काही नव्हतं. तिथे त्यांनी कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी केली, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्याच्या कामावर ठेवलं. ज्याच्यापासून राखायचं, त्याच्याच हाती राखण दिली.

त्याच औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याबरोबर काम करणारे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांचा हा प्रयोग. कैद्यांना भिंतीआड न ठेवता माळावर आणायचं, जमीन द्यायची, बायका-पोरांसह राहू द्यायचं. खुनासारख्या गुन्ह्यात सापडलेली माणसं इथे शेती करायची. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा यावरूनच सुचला, म्हणून बाहेरच्यांना हे नाव माहीत असतं. वसाहत अजूनही खुलं कारागृह म्हणून चालू आहे. त्या मुलीचा बाप बाजाराला मेथी घेऊन यायचा. त्याने बांधलेली जुडी मला अजून दिसते. घायपाताचा वाख ओला करून दोन वेढे, शेवटी एक पीळ, मुळं सगळी एका रेषेत आणि एकही पिवळं पान नाही. आई त्याच्याकडूनच मेथी घ्यायची, घासाघीस करायची नाही. त्याने काय केलं होतं हे तिला ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण ती मुलगी आमच्या घरी खेळायला आलेली तिला चालायची नाही. मला तिच्याकडे जायचीही परवानगी नव्हती. कारण विचारलं तर “उगं प्रश्न विचारू नकोस” म्हणायची. मेथीला हो आणि पोरीला नाही, दोन्ही एकाच बाईचं.

या मालिकेतला माझा सगळ्यात आवडता माणूस इझेकिएल. आधी प्राणिसंग्रहालयात काम करणारा, हौशी रंगभूमीवर राजाच्या भूमिका केलेला. खंदकात जखमी पडलेल्या वाघिणीला तो वाचवतो, ती त्याच्याबरोबर राहते, आणि लोकांना वाटायला लागतं की हा कुणीतरी मोठा आहे. मग तो त्यांच्यासाठी राजा होतो. सिंहासन, काठी, भारदस्त भाषा. रिकच्या गटातल्या कॅरलला हा सगळा पोरखेळ वाटतो. एकटीला गाठून तो साध्या आवाजात सांगतो की लोकांना कुणाच्या तरी मागे जायचं होतं, म्हणून मी हे केलं. मी सांगलीची आहे. १८४३ मध्ये इथल्या राजाच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, त्या गावात वाढलेल्या माणसाला सोंगातला राजा खोटा वाटत नाही. मुकुट पुठ्ठ्याचा असला तरी समोरच्या हजार माणसांचा श्वास त्याच्या तालावर चालतो, हे आम्ही लहानपणापासून बघितलंय. त्यात तो कॅरलला डाळिंब पुढे करतो. आटपाडीच्या माळावर डाळिंबाच्या बागा आहेत, उन्हाळ्यात टँकरचं पाणी घालून जगवलेल्या. त्या फळात किती जीव घातलेला असतो हे माहीत असल्यामुळे असेल, त्याने ते पुढे केलं तेव्हा मला तो खरोखरच राजा वाटला.

आणि मग नेगन, दुसऱ्या एका टोळीचा म्होरक्या. काटेरी तार गुंडाळलेल्या बॅटने त्याने रिकच्या गटातल्या ग्लेनचं डोकं फोडलं, त्याच्या गरोदर बायकोच्या, मॅगीच्या, डोळ्यांदेखत. वस्त्यांकडून अर्धा माल उचलायचा, नाही म्हटलं की एक माणूस मारायचा. आठव्या सीझनच्या शेवटी तो रिकच्या हाती सापडतो. रिक त्याचा गळा चिरतो आणि लगेच डॉक्टरला म्हणतो, याला वाचव. मेलेल्या पोराची, कार्लची, तशी इच्छा होती. मॅगी त्या जागी कोसळते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पूर्ण मॅगीच्या बाजूची होते. पुढे तीच मॅगी हिलटॉप या आपल्या वस्तीत, तिच्या जिवावर उठलेल्या ग्रेगरीला फासावर देते, रात्री, सगळ्यांसमोर, आणि ते बघायला झोपेतून उठून पोरं आलेली असतात. ते बघून रिकची जोडीदार मिशॉन म्हणते, आपल्याला लिहिलेला कायदा हवा. मला आजीची आठवण झाली. ती कुंडलकडची. प्रतिसरकारच्या काळात, १९४३ नंतर, गावोगाव लोकांची न्यायालयं बसायची, सावकार आणि गुंडांना वचक बसला, बायका रात्री निर्धास्त फिरायला लागल्या, हे ती अभिमानाने सांगायची. पण तळपायावर काठ्या बसणाऱ्याचं ओरडणं ओढ्यापलीकडे ऐकू यायचं, हे सांगताना तिचा आवाज उतरायचा. “त्यो वाईटच हुता गं,” म्हणायची, “पर वरडणं माणसाचंच की.”

नेगन अलेक्झांड्रियात वर्षानुवर्षं कोठडीत असतो. उंचावरच्या खिडकीतून रिकची पोर, ज्युडिथ, त्याच्याशी बोलते, गणितं विचारते. एक दिवस कोठडीला कुलूप लागलेलं नसतं. तो निघतो, आपल्या जुन्या कारखान्यापर्यंत जातो, तिथे काही उरलेलं नसतं, आणि आपल्या पायांनी परत येतो. पुढे कुणाच्या तरी पहाऱ्याखाली टोमॅटो तोडतो. त्या टोमॅटोपाशी मला ती मेथीची जुडी दिसली. स्वतंत्रपूरला भिंत नव्हती, रात्री निघून जाता आलं असतं. तो बाप सकाळी बाजारात बसलेला असायचा.

मी हे भाच्याला सांगितलं, आणि गच्चीचंही सांगितलं, चपलांसकट. त्याने लॅपटॉप बंद केला. “बाबांनी उघडलं कशाला पण? मी झोपलो होतो ना तिथं?” त्याच्या आवाजात भीती होती, इतक्या वर्षांनंतरची. मी त्याला दादालाच विचारायला सांगितलं. दादा म्हणाला, “इचार केला न्हाई मी. त्यो भिजला हुता.” भाच्याचं त्याने समाधान झालं नाही, आणि व्हावं असं मलाही वाटलं नाही. दार उघडणाऱ्याने आत झोपलेल्या पोराला उत्तर द्यावंच लागतं. वहिनीच्या त्या बघण्यात हाच प्रश्न होता, आणि तिला तो तेव्हा मोठ्याने विचारता आला नाही याचं मला वाईट वाटतं.

आता तो शेवटच्या सीझनवर आहे. शेवटच्या भागात मॅगी नेगनला सांगते की मला तुझा द्वेष करत राहायचं नाही, नवऱ्याची आठवण काढली की दरवेळी ती बॅटच डोळ्यांपुढे यावी असं मला नकोय. पण माफ करणं मला जमत नाही. तू राहिलास तर काही दिवस असे येतील की तुझ्याकडे बघवणार नाही, तुझ्याबरोबर काम होणार नाही. तेव्हा का ते समजून घे. भाच्याचं म्हणणं, तिने त्याला तिथेच संपवायला हवं होतं. मला त्या बोलण्यावरून आटपाडीच्या बाजारातली एक बाई आठवते, जी मी कधी बघितली नाही. त्या मेथीवाल्याच्या हातून जो गेला, त्याचंही कुठेतरी घर असणार. त्या घरच्या बाईला कुणी विचारलं नव्हतं की हा माणूस उघड्यावर राहिलेला, पोरांना शाळेत घातलेला तुला चालेल का. स्वतंत्रपूरचं कौतुक करताना मी तिला सोडून देत आले होते. मॅगीने नेगनला माफ केलं नाही आणि हाकललंही नाही. आपलं दुःख त्याच्यासमोर तसंच ठेवलं आणि गावात राहायला जागा दिली. तेवढ्या एका संभाषणासाठी १७७ भाग परत पहिल्यापासून बघायची माझी तयारी आहे, आणि यावेळी वहिनीलाही शेजारी बसवणार आहे.